टोला मारण्यापूर्वी : गोल्फ खेळाडूची उभे राहण्याची रीत व हातांची ठेवण

गोल्फचा खेळ पाहण्याचा प्रसंग ज्यास प्रथमच येतो, त्यास एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजावर चालून येतो. टेनिसपटूला धावत जाऊन तो गाठावा लागतो. गोल्फमध्ये मात्र चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो आणि प्रतिस्पर्धी त्याला हातही लावीत नाही. असे असता खेळाडू चेंडूपाशी येतो, पाय रोवतो, काठी चेंडूमागे टेकवितो, पाय थोडे सरकवितो, गुडघे सैल करतो, मान वळवून लांबच्या निशाणाकडे पाहतो आणि पुन्हा पाय सरकवितो. इतक्या वेळात विटी-दांडू खेळणाऱ्या पोराने तीन टोले मारले असते! पाहणाऱ्यास हा सारा निव्वळ सोपस्कार वाटतो. वस्तुतः टोल्याचे भवितव्य बऱ्याच अंशी याच वेळी ठरत असते.

एका टोल्याचा कालहिशेब मांडला म्हणजे हे ध्यानात येईल. काठी मागे नेऊन खांद्यावर चढविण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो. तेथून ती खाली येऊन चेंडूवर आदळेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो. काठीचा माथा व चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या अवधीत माथा जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चेंडू निघून जातो. आता मनुष्याच्या मज्जासंस्थेकडे पाहू. दिवा लागलेला दिसताच बटण दाबावयाचे, एवढे साधे काम करण्यासही निरोगी तरुणास सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे काठी खाली येऊ लागल्यावर काही चुकत आहे असे खेळाडूस जाणवले, तरी ती चूक सुधारण्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचून अमलात येईतो टोला बसून गेलेला असतो. धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखीच ही स्थिती होय.

आणि चुकीस मोकळीक किती? काठीच्या माथ्याचा सपाट चेहरा योग्य दिशेपासून अवघा एक अंश कलला व चेंडू त्या दिशेने सरळ गेला, तर 200 मीटरांवर तो सुमारे साडेतीन मीटर बाजूस पडेल. हवेत वळला तर त्याहून अधिक. ज्या क्रियेत मध्येच दुरुस्ती करता येत नाही आणि जिचा परिणाम अंशाअंशाने बदलतो, त्या क्रियेचा आरंभच नेमका असावा लागतो. स्तब्ध उभे असताना खेळाडूचे शरीर पूर्णपणे त्याच्या आज्ञेत असते. पुढील एका सेकंदात ते तसे राहत नाही.

आरंभ नेमका असावा म्हणजे कसा, हे समजण्यासाठी टोला मारणारे शरीर हे कोणत्या प्रकारचे यंत्र आहे ते पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन या संस्थेच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांच्या एका गटाने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनी 1968 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. उत्तम खेळाडूच्या टोल्याचे त्यांनी एक साधे प्रतिमान पुढे ठेवले. दोन दांडे एकमेकांस बिजागरीने जोडले आहेत अशी कल्पना करावी. वरचा दांडा म्हणजे खांदे व हात. तो छातीच्या वरच्या भागातील, दोन खांद्यांच्या मधल्या एका बिंदूभोवती फिरतो. खालचा दांडा म्हणजे काठी. मधली बिजागरी म्हणजे मनगटे. वरचा दांडा खाली खेचला जात असताना खालचा प्रथम त्याच्याशी काटकोनात दुमडलेला असतो. मग तो बाहेर फेकला जातो आणि चेंडूपाशी येता येता दोन्ही दांडे जवळजवळ एका रेषेत येतात. पदार्थविज्ञानात या रचनेस दुहेरी लंबक म्हणतात.

शेताची राखण करणाऱ्याच्या हातातील गोफण ज्याने पाहिली आहे, त्यास हे तत्त्व परके वाटू नये. गोफण फिरविणाऱ्याचा हात धोंड्याच्या वेगाने कधीच फिरत नाही. हात मंदावतो तेव्हाच धोंडा सुसाटतो. हाताची गती दोरीवाटे धोंड्यात उतरते. गोल्फमध्येही नेमके हेच घडते. अमेरिकन संशोधक हॅरॉल्ड एजरटन यांनी 1938 साली डेन्समोर शूट या गोल्फ खेळाडूचे एकाच फिल्मवर, क्षणोक्षणी चमकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात छायाचित्र घेतले. त्यात काठी पंख्याच्या पात्यांसारखी पसरलेली दिसते. अशा चित्रांत चेंडूजवळ येताना काठीच्या माथ्याच्या लागोपाठच्या ठशांतील अंतर वाढत जाते. हातांच्या ठशांतील अंतर मात्र वाढत नाही.

या यंत्रास एक अट आहे. वरच्या दांड्याची लांबी व त्याचा मध्यबिंदू ही दोन्ही टोल्याच्या वेळी जवळपास तीच असावयास हवीत, जी खेळाडूने उभे राहताना मोजून घेतली होती. कारण काठी चेंडूमागे टेकविणे हे एक प्रकारचे मोजमापच होय. छाती वर उचलली गेली, तर माथा चेंडूवरून निघून जाईल. ती खाली दबली, तर माथा जमिनीत रुतेल. हातांची ठेवण व शरीराचा बाक यांविषयीचे सारे नियम या एका अटीतून निघतात. यापुढील वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूचे आहे. डावखुऱ्याने बाजू बदलून वाचावे.

प्रथम हात. नवशिक्याची पहिली प्रवृत्ती चेंडूकडे हात लांबविण्याची असते. चेंडू दूर आहे, तेव्हा हात पुढे केले पाहिजेत, असे त्यास स्वाभाविकपणे वाटते. उत्तम खेळाडू मात्र हात चेंडूकडे नेत नाही. तो धड पुढे वाकवितो आणि हात खांद्यांपासून खाली सोडून देतो. ते जेथे सहजपणे लोंबतात, तेथेच काठीची मूठ असते. बाजूने पाहिल्यास खांद्यापासून तळहातापर्यंतची रेषा जवळजवळ ओळंब्यासारखी दिसते. आखूड काठीच्या वेळी मुठीचे टोक व मांडी यांत सुमारे एका मुठीइतके अंतर राहते. सर्वांत लांब काठीच्या म्हणजे ड्रायव्हरच्या वेळी ते वीतभरास थोडे कमी, इतके होते. काठीची लांबी बदलली की चेंडूपासूनचे अंतर बदलते. हातांचे लोंबणे फारसे बदलत नाही. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

हात लोंबते का ठेवावयाचे, याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. ड्रायव्हरच्या माथ्याचे वस्तुमान सुमारे 200 ग्रॅम असते. चांगल्या खेळाडूच्या टोल्यात तो सेकंदाला 45 मीटर वेगाने फिरतो असे धरू. म्हणजे ताशी 160 किलोमीटरांहून थोडा अधिक. फिरण्याची त्रिज्या दीड मीटर धरली, तर माथ्यास वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यास 0.2 × 45 × 45 ÷ 1.5, म्हणजे 270 न्यूटन इतके बल लागते. सुमारे 27 किलोग्रॅम वजन हातांत टांगले असता जी ओढ जाणवेल, तेवढी ही ओढ आहे, आणि यात काठीच्या दांड्याचे वस्तुमान धरलेलेच नाही. एवढ्या ओढीपुढे सैल कोपर आपोआप सरळ होतो. म्हणून डावा हात प्रथमपासून सरळ ठेवावा, परंतु कोपराचा सांधा आवळून घेऊ नये. कोपर स्पष्टपणे वाकवून उभा राहिलेला खेळाडू मोजमाप आखूड घेतो. टोल्याच्या वेळी ओढीने हात लांबतात व काठी चेंडूआधीच मातीत बसते.

‘डावा हात ताठ!’ ही सूचना गोल्फच्या मैदानांवर इतक्यांदा ऐकू येते की तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. सूचना खोटी नाही, पण अपुरी आहे. हात ताठ करावयास सांगितले की मनुष्य कोपराच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच आवळतो. हा ताठरपणा खांद्यात व मानेत चढतो आणि मनगटाची बिजागरी गंजल्यासारखी होते. मग दोन दांड्यांचे यंत्र उरत नाही, एकच अवघड सोटा उरतो. सरळ आणि ताठ या दोन शब्दांतील भेद शिकविणाऱ्याने पाळला असता, तर पुष्कळांचा त्रास वाचला असता.

उजव्या हाताची गोष्ट निराळी. काठीवर तो डाव्याच्या खाली असतो. दोन्ही हात सारख्याच लांबीचे असल्यामुळे उजवा हात खाली पोहोचण्यास दोनच वाटा आहेत. उजवा खांदा थोडा खाली येऊ द्यावा, ही पहिली. अर्थात पाठीचा कणा निशाणापासून किंचित मागे कलतो. उजवा खांदा पुढे ढकलावा, ही दुसरी. दुसरी वाट सोपी वाटते, म्हणून बहुतेक नवशिके तीच घेतात. परंतु तसे केल्याने दोन्ही खांद्यांना जोडणारी रेषा निशाणाच्या डावीकडे वळते, आणि खांदे जिकडे वळले आहेत तिकडेच काठी फिरू पाहते. ती बाहेरून आत येते, चेंडूस तिरकी घासते, आणि चेंडूला मिळालेल्या फिरकीमुळे तो हवेत उजवीकडे वळत जातो. गोल्फ खेळणारे या दोषास स्लाइस म्हणतात. हौशी खेळाडूंचा याहून जुना शत्रू नाही. फिरकी चेंडूचा मार्ग कसा बदलते, याचा शास्त्रीय विचार एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला होता. त्यांचा पुत्र फ्रेडी टेट हा 1896 व 1898 या वर्षी ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळविणारा खेळाडू होता. घरातच प्रयोगशाळा आणि घरातच प्रयोगवस्तू असा योग विरळाच.

उजव्या कोपराविषयी सर्वांत आग्रहाने लिहिणारा खेळाडू म्हणजे अमेरिकेचा बेन होगन. 2 फेब्रुवारी 1949 रोजी टेक्सासमध्ये त्याच्या मोटारीवर समोरून येणारी बस आदळली. पत्नीला वाचविण्यासाठी तो तिच्यापुढे आडवा झाला. त्यात कटीचे हाड, गळ्याजवळचे हाड, बरगडी व डावा घोटा मोडला, आणि पुढे रक्ताच्या गुठळ्यांमुळे जिवावर बेतले. तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. असे असूनही 1950 च्या जूनमध्ये मेरियन येथे, पाय पट्ट्यांनी बांधून, त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. ज्याला उभे राहणेच महागात पडत होते, त्या मनुष्याने कसे उभे राहावे याचा सूक्ष्म विचार करावा, यात आश्चर्य नाही. 1957 साली हर्बर्ट वॉरन विंड यांच्या साहाय्याने लिहिलेल्या त्याच्या पाच पाठांच्या पुस्तकातील दुसरा पाठ पावित्र्यासाठीच दिलेला आहे. डावा कोपर डाव्या कटीच्या हाडाकडे व उजवा कोपर उजव्या कटीच्या हाडाकडे रोखलेला असावा. दंड छातीच्या बाजूंस टेकावेत. कोपराची खोलगट बाजू आकाशाकडे वळलेली असावी, असे तो सांगतो. उजवा हात किंचित वाकलेला असावा, म्हणजे काठी मागे नेताना तो सुखाने दुमडेल. अँथनी रॅव्हिएली यांनी काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात दोन्ही हात जणू बांधून एकच केले आहेत असे दाखविले आहे. वरचा दांडा एकसंध असावा ही शास्त्रज्ञांची अट होगन आपल्या अनुभवाने आधीच गाठून बसला होता.

तथापि होगनचा शब्द अखेरचा मानण्याचे कारण नाही. कॅनडाचा मो नॉर्मन (1929–2004) हा चेंडू सरळ मारण्यात अद्वितीय मानला गेलेला खेळाडू पाय खूप फाकवून व हात चेंडूकडे लांब करून उभा राही. त्याचे हात व काठी बाजूने पाहता एकाच रेषेत दिसत. वर दिलेल्या सर्व नियमांस हे सोडून आहे. पण टोल्याच्या क्षणी त्या 27 किलोग्रॅमच्या ओढीने प्रत्येकच खेळाडूची मनगटे उघडतात, मूठ वर उचलली जाते आणि हात व काठी एका रेषेच्या जवळ येतात. नॉर्मन आरंभीच त्या स्थितीत उभा राहत होता, एवढेच. 2020 व 2024 या वर्षांची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकणारा, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकलेला ब्रायसन डिशॅम्बो हाही मूठ बरीच उंच धरूनच उभा राहतो. या रीतीत हातांना मोकळेपणा कमी मिळतो, व ती अंगवळणी पडण्यास चिकाटी लागते. म्हणूनच बहुसंख्य खेळाडू लोंबत्या हातांचीच रीत पत्करतात. दोन्ही रीतींत हात चेंडूपर्यंत अचूक पोहोचावेत ही सोय आधीच केलेली असते.

आता धडाचा बाक. वाकणे दोन प्रकारचे असते. जमिनीवरची वस्तू उचलताना आपण बहुधा पाठ कमानीसारखी गोल करून वाकतो. गोल्फमध्ये खुब्याच्या सांध्यातून वाकावे लागते. पाठ जवळजवळ सपाट राहते आणि नितंब मागे जातात. धड व डोके पुढे गेल्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकू पाहतो. मागे गेलेले नितंब तो पुन्हा पावलांवर आणतात. गुडघे किंचित सैल होतात आणि भार टाच व चवडा यांच्या मध्यावर येतो. होगनने यास बैठकीची काठी टेकून तिच्यावर हलकेच टेकण्याची उपमा दिली आहे. भार चवड्यांवर गेलेला खेळाडू टोल्याच्या ओढीने आणखी पुढे खेचला जातो, आणि तोल सावरण्यासाठी नकळत उठतो. छाती वर गेली की मोजमाप बिघडले.

पण गोल पाठीचा याहून मोठा तोटा पाठीलाच होतो. काठी पूर्ण मागे नेली असता खांदे सुमारे 90 अंश वळतात आणि कटी सुमारे 45 अंश. मधला 45 अंशांचा पीळ पाठीच्या कण्याने सोसावयाचा असतो. कण्याचा कमरेकडील पाच मणक्यांचा भाग पुढे-मागे चांगला वाकतो, पण त्याच्या सांध्यांची घडणच अशी आहे की एका बाजूस तो जेमतेम 10 अंश वळू शकतो. उरलेले वळण छातीमागील मणक्यांनी द्यावयाचे; त्यांची क्षमता सुमारे 30 ते 35 अंश आहे. बेरीज काठावर बसते, हे वाचकांच्या ध्यानात येईल. पाठ गोल केली की छातीमागील मणक्यांचे वळण कमी होते, आणि तो भार कमरेवर किंवा खांद्यावर पडतो. गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखापतींत कंबरदुखी ही सर्वांत अधिक आढळणाऱ्यांपैकी एक आहे. एका फेरीत सरावाचे टोले धरून शंभराहून अधिक वेळा तोच पीळ तीच कंबर सोसते.

याची प्रचीती घेण्यास गोल्फच्या मैदानाची आवश्यकता नाही. वर्गातील बाक पुरेल. बाकावर ताठ बसावे, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवावेत, आणि कटी न हलविता धड उजवीकडे वळवून मागच्या भिंतीवरील कोणती खूण दिसते ते लक्षात ठेवावे. मग पाठीस पोक काढून तसेच वळावे. ती खूण आता दिसत नाही. कटी तीच, मणके तेच. केवळ पाठीचा आकार बदलल्याने वळणे खुंटले.

भारतात हा खेळ फार पूर्वी आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा असून, ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. त्याच मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया तेथे इतरांचा खेळ पाहून शिकला, आणि 2008 साली त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली. पाहून शिकणाऱ्यास एक गोष्ट सोयीची असते. खाली येणारी काठी डोळ्यास दिसतच नाही, तिच्यासाठी एजरटनसारख्यांचा कॅमेरा लागतो. टोल्यापूर्वी उभा असलेला खेळाडू मात्र साध्या डोळ्यांनी हवा तितका वेळ न्याहाळता येतो. त्यास समोरून न पाहता चेंडूच्या रेषेत मागे उभे राहून पाहावे. तेथून पाठ, खांदे व लोंबते हात यांची रेषा स्वच्छ दिसते.

ज्यास स्वतःची ठेवण तपासावयाची असेल, त्याने भिंतीकडे पाठ करून टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवाव्यात. पावले खांद्यांइतकी फाकवावीत. गुडघे किंचित सैल करून, पाठ गोल न करता, नितंब भिंतीस टेकेपर्यंत खुब्यातून वाकावे. हात खांद्यांपासून सोडून द्यावेत व दोन-तीनदा झुलू द्यावेत. ते जेथे थांबतील तेथेच तळहात जुळवावेत. उजवा डाव्याच्या खाली, आणि उजवा खांदा पुढे न ढकलता थोडा खाली. आता कोणी त्या हातांत काठी द्यावी. काठी नसेल तर छत्रीही चालेल. तिचे टोक जमिनीस जेथे टेकेल, तेथे चेंडू ठेवावयाचा.